मोटारहोमच्या छतावरील एसीचा पंखा फिरत नाही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्तीनंतर ॲरिझोनात टक्सनजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही एक जुने, ३० फुटी मोटारहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) विकत घेतले. त्याच्या छतावर १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे गारवा देण्याची क्षमता मोजण्याचे एकक) एकच एसी असून विजेची जोडणी ३० अँपिअरची आहे. या जूनमध्ये भिंतीवरचा थर्मोस्टॅट ‘कूल’वर ठेवला की छतातून ‘टक्’ असा आवाज येतो, पाठोपाठ काहीतरी घुमू लागते, पण वारा मात्र येत नाही. दोन-तीन मिनिटांनी घुमणे थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. ब्रेकर पडत नाही. दिवे आणि मायक्रोवेव्ह व्यवस्थित चालतात. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस पंखा वेग घ्यायला वेळ लावत असे, हेही आठवते. मोटारहोम उभी करण्याच्या पार्कात आलेल्या मेकॅनिकने छतावर न चढताच ‘गॅस संपला असेल, नाहीतर संपूर्ण एसीच बदलून टाका’ असे सांगितले. एवढा खर्च करण्यापूर्वी मी स्वतः काय तपासू शकतो? मल्टिमीटर वापरण्याची मला सवय आहे. मात्र माझे वय ६७ असून मी छतावर चढण्यास पत्नीचा ठाम विरोध आहे.

उत्तर : गॅसचा आणि न फिरणाऱ्या पंख्याचा काडीचाही संबंध नाही. गॅस पूर्ण संपला तरी पंखा फिरतोच, फक्त वारा गार येत नाही. शिवाय छतावरच्या या एसीमधील गॅसच्या नळ्या कारखान्यातच झाळून बंद केलेल्या असतात आणि पंख्याच्या कोणत्याही दुरुस्तीसाठी त्या उघडाव्या लागत नाहीत. तेव्हा तो सल्ला बाजूला ठेवू.

आपण आवाजांचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे निम्मे काम पत्रातच झाले आहे. छतातला ‘टक्’ हा रिलेचा आवाज आहे. थर्मोस्टॅट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि त्याच्या इशाऱ्यावरून रिले १२० व्होल्टची वाट मोकळी करतो. रिले वाजतो याचा अर्थ थर्मोस्टॅट, त्याचा फ्यूज आणि १२ व्होल्टच्या तारा आपापले काम करत आहेत. पुढचे घुमणे म्हणजे १२० व्होल्टची वीज कुठल्यातरी मोटरपर्यंत पोहोचली आहे, पण मोटर फिरत नाही. अडलेली मोटर तापते, तिच्या आत बसवलेला उष्णतारक्षक स्विच वीज तोडतो, मोटर निवली की तोच पुन्हा जोडतो. आपल्याला दोन-तीन मिनिटांनी येणारी शांतता ही त्याची आहे. ब्रेकर पडत नाही याचेही नवल नाही, कारण पंख्याची अडलेली मोटर जेवढी वीज ओढते तेवढ्याने २० अँपिअरचा ब्रेकर सहसा हलत नाही.

आता घुमते ते काय, पंखा की कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), एवढे आधी ठरवावे लागेल आणि ते खाली बसूनच ठरवता येते. थर्मोस्टॅट ‘कूल’वरून काढून फक्त ‘फॅन’वर ठेवा आणि पंख्याची निवड ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’ करा. असे केल्यावर कॉम्प्रेसरला वीज मिळत नाही. तरीही तेच घुमणे ऐकू आले तर दोष पंख्याच्या मोटरचा किंवा तिच्या कपॅसिटरचा (मोटर फिरवण्यास मदत करणाऱ्या विजेच्या डब्याचा) आहे, आणि आपल्या वर्णनावरून माझा कौल याच बाजूने आहे. ‘फॅन’वर पूर्ण शांतता आणि ‘कूल’वर घुमणे असा प्रकार असेल तर घुमतो तो कॉम्प्रेसर, आणि पंख्याकडे वीज जातच नाही. तो निराळा शोध आहे. त्याविषयी पुढे लिहितो. तोपर्यंत थर्मोस्टॅट ‘कूल’वर ठेवून प्रयोग करत राहू नये. या एसीमध्ये बहुधा दोन्ही टोकांना दांडा असलेली एकच मोटर असते. एका टोकावरचे जाळीदार चाक घरातली हवा ओढते आणि दुसऱ्या टोकावरचे पाते बाहेरच्या कॉइलवर वारा घालते. ही मोटर थांबली की दोन्हीकडचा वारा एकदम थांबतो, आणि अशा स्थितीत कॉम्प्रेसर चालू राहिला तर त्याच्यावरचा दाब आणि उष्णता चढत जाते. पंख्याचा बिघाड केवळ कपॅसिटरचा असेल तर वीस-तीस डॉलरमध्ये निभावतो; कॉम्प्रेसर जळाला तर मात्र त्या मेकॅनिकचे म्हणणे खरे ठरेल.

ही मोटर घरातल्या छताच्या पंख्यासारखीच असते, असे म्हटले तर अनेक वाचकांना लगेच उमजेल. आपल्याकडे पंखा नुसता घुमू लागला की कोणीतरी केरसुणीच्या दांड्याने पाते ढकलून तो सुरू करून देते, आणि मग आठवड्याने इलेक्ट्रिशियन येऊन अडीच मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरची क्षमता मोजण्याचे एकक) कपॅसिटरचा डबा बदलतो. कारण दोन्हीकडे एकच आहे. एका फेजच्या विजेने मोटरमध्ये फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही, जागच्या जागी कमी-जास्त होणारे क्षेत्र तयार होते. म्हणून दुसरे वेटोळे देऊन त्यातील प्रवाह कपॅसिटरच्या साहाय्याने थोडा मागेपुढे सरकवावा लागतो, तेव्हा कुठे मोटरला कोणत्या बाजूला फिरायचे ते कळते. कपॅसिटर अशक्त झाला की पंखा आधी रेंगाळत सुरू होतो आणि एक दिवस सुरूच होत नाही. गेल्या उन्हाळ्याअखेर आपला पंखा वेग घ्यायला वेळ लावत होता, ती याचीच पूर्वसूचना होती. (आपल्याकडचे बरेच कारागीर कपॅसिटरला ‘कंडेन्सर’ म्हणतात. एसीमध्ये कंडेन्सर म्हणजे बाहेरची गरम कॉइल, त्यामुळे दुकानात सुटा भाग मागताना हा घोटाळा टाळावा.)

कपॅसिटर उन्हाळ्यातच का दगा देतो, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असते आणि साधारणतः ७० अंश सेल्सिअसपर्यंतच ती टिकेल असे धरलेले असते. आपल्या राज्यात २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्स शहराने सलग ३१ दिवस ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमान सोसले. म्हणजे सावलीतच ४३ अंश सेल्सिअसच्या वर. भर उन्हात, प्लॅस्टिकच्या टोपणाखाली, चालत्या मोटरच्या शेजारी बसलेल्या त्या डब्याची अवस्था काय होत असेल याची कल्पना करावी.

उघडण्यापूर्वी वीज तोडण्याबाबत मी अंमळ जास्तच काटेकोर आहे, आणि आपणही असावे. केवळ ब्रेकर खाली करणे मला पुरेसे वाटत नाही. पार्कातील विजेच्या खांबावरून प्लग काढावा, जनरेटर बंद करावा आणि बॅटरी उतरली की आपोआप सुरू होण्याची सोय त्याला असेल तर तीही बंद करावी, इन्व्हर्टर असल्यास तो बंद करावा आणि १२ व्होल्टचा मुख्य स्विचही काढावा. मोटारहोममध्ये वीज तीन-तीन वाटांनी येते, आणि एक वाट बंद केली म्हणजे सगळे निर्जीव झाले असे समजून अनुभवी माणसेसुद्धा फसतात. त्यानंतर मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी.

आपल्या पत्नीला दिलासा देणारी गोष्ट अशी की, पुष्कळ मॉडेलांमध्ये कपॅसिटर आणि रिले असलेली पेटी आतूनच, छताला लावलेली जाळी आणि फिल्टर काढल्यावर हाती लागते. इतर काही मॉडेलांत ती छतावर, टोपणाखाली असते. आतल्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक पाहून उत्पादकाच्या माहितीपत्रकात हे पाहता येईल. पेटी उघडल्यावर कोणतीही तार सोडवण्यापूर्वी फोनने दोन-चार छायाचित्रे काढून ठेवावीत. कपॅसिटर बहुधा लंबगोल धातूचा डबा असतो आणि त्याच्या डोक्यावर ‘सी’, ‘फॅन’ आणि ‘हर्म’ अशी तीन टोके असतात. ‘हर्म’ कॉम्प्रेसरचे, ‘फॅन’ पंख्याचे आणि ‘सी’ दोघांचे सामाईक. काही एसींमध्ये पंख्याचा कपॅसिटर स्वतंत्र असतो. वीज तोडल्यानंतरही या डब्यात भार साठलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी काढण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती मला पसंत नाही. २० किलोओमचा, दोन ते पाच वॅटचा एक रेझिस्टर घ्यावा, त्याची टोके इन्सुलेटेड क्लिपांनी पकडावीत आणि आधी ‘सी’ व ‘फॅन’वर, मग ‘सी’ व ‘हर्म’वर, शेवटी ‘फॅन’ व ‘हर्म’वर दहा-दहा सेकंद धरावीत. मग मीटर व्होल्टवर ठेवून शून्य दिसते ना, हे पाहावे.

डबा वरून फुगलेला किंवा तेलकट दिसला तर निकाल तिथेच लागला. मात्र दिसायला धडधाकट असलेला कपॅसिटरही मेलेला असू शकतो, म्हणून मोजणे चुकवू नये. आपल्या मीटरवर मायक्रोफॅरड मोजण्याची सोय आहे का ते पाहा. नसेल तर साध्या ओम मोजणाऱ्या मीटरने केवळ पूर्ण बिघडलेला कपॅसिटर कळतो, अशक्त झालेला कळत नाही. तारा सोडवून ‘सी’ आणि ‘फॅन’ यांच्यामध्ये मोजावे. डब्यावर दोन आकडे असतील. मोठा कॉम्प्रेसरचा आणि लहान पंख्याचा, जो बहुधा ५ ते १५ मायक्रोफॅरड असतो. शेजारीच अधिक-उणे ५, ६ किंवा १० टक्के अशी सूट छापलेली असते. १० च्या जागी साडेनऊ दिसले तर चिंता नाही, ७ दिसले तर डबा बदलावा. नवा घेताना मायक्रोफॅरडचे दोन्ही आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. ‘थोडा मोठा टाकू म्हणजे पंखा जोरात फिरेल’ हा विचार मोटर जाळणारा आहे. व्होल्टचा आकडा मात्र वरचा चालतो. ३७० च्या जागी ४४० चा बसवण्यास हरकत नाही.

कपॅसिटर ठीक निघाला तर मात्र छतावर कोणालातरी चढावेच लागेल. तो कोणी आपण नसावा, तरुण शेजारी किंवा भाचा-पुतण्या असावा, आणि त्याने सकाळी सातच्या आत चढावे. दुपारी ते छत हाताला चटका देते आणि उन्हाने कडक झालेले प्लॅस्टिकचे टोपण स्क्रू काढतानाच तडकते. वीज तोडलेलीच असावी. टोपण काढल्यावर पाते बोटाने ढकलावे. ते सहज फिरून थोडा वेळ फिरत राहिले पाहिजे. जड जात असेल, खरखरत असेल किंवा दांडा वर-खाली हलत असेल तर बेअरिंग गेले आहे. नैर्ऋत्य अमेरिकेत मोटारहोम काही महिने उभे राहिले की कुंभारीण माशी या टोपणाखाली हमखास चिखलाची घरटी बांधते, आणि उंदीर कापूस-फोमचा संसार थाटतात. ढेकूळभर माती पात्यात अडकून बंद पडलेल्या एसीबद्दल मला आजवर तीन पत्रे आली आहेत, आणि तिन्हींमध्ये नव्या एसीची किंमत विचारलेली होती. रस्त्याच्या हादऱ्यांनी पाते दांड्यावरून सरकून कडेला घासणे हाही नेहमीचा प्रकार आहे. त्याचा बारीक स्क्रू घट्ट केला की काम भागते. जुन्या मोटरला तेलाची छिद्रे असतील तर हलके मोटर ऑइल दोन-चार थेंब घालून पाहता येईल, पण हा उपाय एक हंगाम काढण्यापुरताच समजावा.

पाते मोकळे फिरते, कपॅसिटर चांगला आहे आणि तरीही मोटर घुमतेच आहे, अशी वेळ आली तर मोटरचे वेटोळे तुटले असण्याची शक्यता आहे. मोटरच्या तारा सुट्या करून सामाईक तारेपासून प्रत्येक तारेपर्यंत मोजले असता काही ओम ते काही दशक ओम दिसले पाहिजेत. एखादीवर अनंत दिसले तर ते वेटोळे तुटले. कोणत्याही तारेपासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत मात्र काहीही दिसता कामा नये. नवी मोटर घेताना दोन्ही दांड्यांची लांबी, फिरण्याची दिशा आणि वेगांची संख्या जुळावी लागते, म्हणून एसीच्या मॉडेल क्रमांकावरूनच मागवावी. एसी पंधरा-वीस वर्षांचा असेल आणि मोटर बदलण्याची मजुरी धरून खर्च नव्या एसीच्या निम्म्यावर जात असेल, तर नवा घेण्यात मला गैर वाटत नाही. छताचे भोक अमेरिकेत बहुतेक सर्वत्र १४ इंच बाय १४ इंचच असते, त्यामुळे नवा बसवणे फारसे अडत नाही.

आता ज्या वाचकांच्या छतातून कोणताच आवाज येत नाही, किंवा वर म्हटल्याप्रमाणे ‘फॅन’वर शांतता आणि ‘कूल’वर घुमणे असा प्रकार आहे, त्यांच्यासाठी. ‘ऑटो’वर पुष्कळ थर्मोस्टॅट दोनेक मिनिटे मुद्दाम थांबतात, म्हणून आधी तेवढा धीर धरावा. पडद्यावर काहीच दिसत नसेल तर १२ व्होल्टचा फ्यूज आणि बॅटरी पाहावी. १२० व्होल्टचा ब्रेकर पडला की त्याची दांडी बऱ्याचदा अधांतरी राहते, ती पूर्ण खाली नेऊनच वर करावी लागते. ३० अँपिअरच्या काही गाड्यांमध्ये भार वाढला की एसी आपोआप वगळणारी यंत्रणा असते. मायक्रोवेव्ह आणि गिझर बंद करून पाहावे. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वाटा असतात, आणि खांबावरची एक गेली तर एक एसी चालतो व दुसरा मुका होतो. हे सगळे ठीक असेल तर छतातील पेटीमध्ये तारांच्या गाठींवर बसवलेल्या टोप्या एकेक करून हलक्या हाताने ओढून पाहाव्यात, अर्थात वीज तोडूनच. घर रस्त्यावरून ताशी साठ मैलांनी धावते तेव्हा अशा गाठी सैल होणारच, आणि सैल गाठ तपकिरी पडून जळका वास देते. गाठी घट्ट असून रिले वाजतो पण पलीकडे १२० व्होल्ट पोहोचत नाहीत, असे आढळले तर रिलेचे स्पर्शबिंदू जळले आहेत. हे शेवटचे मोजमाप चालू विजेवर करावे लागते, म्हणून ते सराव असलेल्या माणसानेच करावे.

एक गोष्ट आपणही मोजावी, कारण तिने कपॅसिटर आणि मोटर दोन्हींचे आयुष्य ठरते. भर दुपारी, आसपासच्या सगळ्या गाड्यांचे एसी चालू असताना, आतल्या एखाद्या सॉकेटवर व्होल्ट मोजा. १०५ च्या खाली आकडा जात असेल तर त्या जागेवर एसी चालवू नये आणि पार्कच्या कार्यालयाकडे दुसरी जागा मागावी.

प्रश्न : मी पुण्यात एका जुन्या व्हॅनचे कॅरॅव्हॅन केले आहे. छतावर २३० व्होल्टचा एसी आहे. सोसायटीच्या प्लगवर तो उत्तम चालतो, पण गाडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरील इन्व्हर्टरवर लावला की पंखा नुसता घुमतो आणि फिरला तरी मोटर तापते. एसी खराब आहे का?

उत्तर : एसी खराब नाही, आपला इन्व्हर्टर त्याला योग्य वीज देत नाही. स्वस्त इन्व्हर्टरमधून येणारी लहर गोलाईदार नसून पायऱ्यापायऱ्यांची असते. दिवे आणि फोनचे चार्जर ती निमूट सहन करतात, पण कपॅसिटरवर चालणारी मोटर तिच्यावर घुमते, तापते आणि कपॅसिटरही लवकर खाते. इन्व्हर्टरच्या पेटीवर ‘प्युअर साइन वेव्ह’ असे लिहिलेले आहे का ते पाहा. ‘मॉडिफाइड’ किंवा ‘स्क्वेअर’ असेल तर उत्तर मिळाले.

मात्र नुसता इन्व्हर्टर बदलून सुटका होईल, असे समजू नये. एक टनाचा एसी साधारण १,००० ते १,२०० वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला जवळपास १०० अँपिअरचा प्रवाह. स्कूटरच्या बॅटरीला शोभणाऱ्या बारीक केबलमध्ये तेवढ्या प्रवाहाने व्होल्ट गळतात आणि इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून हात वर करतो. केबल जाड आणि आखूड असावी, आणि बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे. १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी असा एसी एक तासही चालवणार नाही, हा हिशेब प्रवासाला निघण्यापूर्वी करावा. आणि कोणी परदेशातून १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा जुना एसी स्वस्तात आणून देत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट जुळतात, पण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे त्यावर ती मोटर आपल्या वेगाच्या सुमारे पाच-षष्ठांश वेगानेच फिरते आणि जास्त तापते.

प्रश्न : न्यू जर्सीहून लिहीत आहे. आमच्या मोटारहोममध्ये चालकासमोरच्या डॅशबोर्डमधील एसीचा पंखा फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालतो, खालच्या तीन वेगांवर बंद. छतावरच्या एसीचा कपॅसिटर बदलून पाहिला, फरक नाही.

उत्तर : फरक पडणार नाही, कारण हे दोन एसी एकमेकांशी संबंधित नाहीत. समोरचा एसी गाडीच्या इंजिनावर चालतो आणि त्याचा पंखा १२ व्होल्टचा आहे. त्याला कपॅसिटर नसतोच. खालचे वेग मिळवण्यासाठी त्याच्या वाटेत रेझिस्टर घातलेले असतात आणि सर्वांत वरचा वेग त्यांना वगळून थेट जातो. खालचे सगळे वेग एकदम गेले म्हणजे तो रेझिस्टरचा तुकडा जळला आहे. बहुतेक गाड्यांत तो डाव्या सीटसमोर नव्हे, तर प्रवाशाच्या पायांजवळ, पंख्याच्या नळीतच दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. बदलताना त्याचा प्लास्टिकचा जोडही नीट पाहा. तो वितळलेला दिसला तर जोडासहित बदलावा आणि पंख्याची मोटर जड तर फिरत नाही ना, हे हाताने तपासावे, नाहीतर नवा रेझिस्टरही महिन्याभरात जळेल.